तू लावलेली वेल: स्तोत्र ८० आणि मागच्या दिवसांचा आधार

टीपकागद

आमच्या बायबल वर्गात सध्या आसाफाच्या नावावर असलेली स्तोत्रं चालू आहेत. ऐंशीव्या स्तोत्राशी आलो आणि तिथून पुढे सरकावंसंच वाटेना, म्हणून हा धागा काढतोय.

"देवाने मागे काय काय केलं ते आठवा, आशा वाटेल" हे आपण सगळ्यांनीच इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावरून जातं. त्यातून हाती बहुधा एवढंच येतं की जुने बरे दिवस आठवायचे आणि जिवाची समजूत घालायची. आसाफही जुनं आठवतो, पण समजूत काढून घ्यायला नाही. तो ते सगळं देवासमोर दाव्यासारखं मांडतो. आठव्या ओवीपासून वाचा. मिसरातून (इजिप्तमधून) वेल, म्हणजे इस्राएल लोक, तू आणलीस. राष्ट्रं घालवून ती तू लावलीस. तिच्यासाठी जागा तू मोकळी केलीस. मग तिने मूळ धरलं, देश व्यापला, डोंगर तिच्या सावलीखाली आले, फांद्या समुद्राला आणि फुटवे फरात नदीला जाऊन टेकले. आपण इथे "हालेलूया" म्हणून थांबलो असतो. आसाफ बाराव्या ओवीत विचारतो, मग तिचं कुंपण का मोडलंस? येणारा-जाणारा तिची फळं ओरबाडतोय, रानडुक्कर तिची नासधूस करतंय.

तो डुकराला दोष देत नाही, हे बघा. कुंपण तूच मोडलंस असं सरळ मालकालाच म्हणतो. मला सगळी आशा तिथेच दिसते. कुंपण डुकराने आपल्या जोरावर पाडलं असतं, तर डुक्कर मालकापेक्षा मोठं ठरलं असतं, आणि मग गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? मालकाने पाडलं असेल तर ते पुन्हा कोण उभारू शकतो हे तरी ठाऊक असतं.

दुसरं असं की "आमची फळं गोड होती, म्हणून वाचव" असं संपूर्ण स्तोत्रात एकदाही येत नाही. पुरावा एकच, पंधराव्या ओवीतला: ही तुझ्या उजव्या हाताने लावलेली आहे. म्हणजे आशा वेलीच्या कर्तबगारीवर टेकलेली नाही, लावणाऱ्याने घेतलेल्या कष्टांवर टेकलेली आहे.

आणि ते "आम्हाला पूर्ववत कर" हे धृपद. तिसऱ्या, सातव्या आणि एकोणिसाव्या ओवीत येतं. आधी "हे देवा", मग "हे सेनाधीश देवा", शेवटी "हे परमेश्वरा, सेनाधीश देवा". हाक वाढत जाते. परिस्थिती मात्र तसूभर बदलत नाही. स्तोत्र संपतं तेव्हाही कुंपण पडलेलंच आहे.

तुम्ही मागचा विश्वासूपणा कसा आठवता? द्राक्षमळ्याचे इतर उतारेही येऊ द्या.

ओलावा

छान विषय. थोडी पार्श्वभूमी जोडते.

दुसऱ्या ओवीत एफ्राईम, बन्यामीन आणि मनश्शे ही नावं आहेत. एफ्राईम-मनश्शे म्हणजे योसेफाचं घराणं, उत्तरेचं राज्य. जुन्या ग्रीक भाषांतरात या स्तोत्राच्या मथळ्याला "अश्शुराविषयी" अशी जोड आहे. म्हणून बरेच अभ्यासक हे स्तोत्र उत्तरेची राजधानी शोमरोन अश्शुराच्या हाती पडण्याच्या आसपासच्या काळाशी, म्हणजे इ.स.पू. ७२२ च्या आगेमागे, जोडतात. तसं असेल तर पाचव्या ओवीतले "अश्रूंची भाकर" हे शब्द कुणाच्या तोंडचे आहेत ते कळतं.

आता याच्या शेजारी यिर्मया ३१:५ ठेवून बघा. "शोमरोनाच्या डोंगरांवर तू पुन्हा द्राक्षमळे लावशील, लावणारे लावतील आणि फळ चाखतील." हे वचन येतं तेव्हा शोमरोन पडून शंभराहून जास्त वर्षं झालेली आहेत. जिथली वेल डुकरांनी उकरली, नेमक्या त्याच डोंगरांचं नाव घेतलंय.

"फळ चाखतील" हेही सहज म्हटलेलं नाही. लेवीय १९:२३-२५ प्रमाणे नव्या झाडाचं फळ तीन वर्षं खायचं नाही, चौथ्या वर्षीचं परमेश्वराला वाहायचं, पाचव्या वर्षी घरात आणायचं. म्हणजे "फळ चाखाल" म्हणणं हे "किमान पाच वर्षं तुम्हाला तिथून कुणी हुसकावणार नाही" असं म्हणणं आहे. पिढ्यानपिढ्या पळापळ पाहिलेल्या लोकांना हे ऐकताना काय वाटलं असेल!

खडूस वाचक

टीपकागद, लेखन आवडलं, पण तुम्ही सोयीचा उतारा उचललात असं माझं मत आहे.

यशया ५ काढा. तिथेही हाच मळा, हाच मालक, हीच मागच्या कष्टांची उजळणी. सुपीक टेकडी, खणणं, दगड वेचणं, उत्तम जातीची वेल, मधोमध बुरूज, खडकात कोरलेलं कुंड. आणि मग? "मी आणखी काय करायचं बाकी ठेवलं होतं?" असं मालक विचारतो आणि निकाल देतो: कुंपण काढीन, भिंत पाडीन, छाटणी नाही, खुरपणी नाही, काटे माजतील, ढगांना सांगेन पाऊस पाडू नका. मागचा विश्वासूपणा इथे आशेचं कारण नाही, आरोपपत्र आहे. जितकं जास्त केलं तितका गुन्हा मोठा.

मग मी कोणती आठवण काढायची, आसाफाची की यशयाची? मंडळीत नेहमी पहिलीच वाचली जाते. दुसरी वाचली तरी शेजारच्यासाठी वाचली जाते. (हलकेच घ्या.)

टीपकागद

खडूस वाचक, दोन्ही आठवणी काढायच्या, असं माझं उत्तर. आणि त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. यशयात देव माणसाला म्हणतो, मी लावली. स्तोत्रात माणूस देवाला म्हणतो, तू लावलीस. एकच वाक्य, बोलणारा बदलला. न्यायाच्या दिवशी देवाने जे तोंडावर मारलं तेच उचलून आसाफ परत त्याच्याच दारात घेऊन जातो. याला धाडस लागतं. स्वतःची बाजू मांडायला त्याच्याकडे काही उरलेलंच नाही, म्हणून तो मालकाचीच बाजू मांडतो.

शिवाय यशयाचं पुस्तक पाचव्या अध्यायात संपत नाही. २७:२-६ मध्ये द्राक्षमळ्याचं दुसरं गाणं आहे. पाचव्यात ढगांना मनाई होती; सत्ताविसाव्यात तोच म्हणतो, मी तिला क्षणोक्षणी पाणी घालतो. पाचव्यात भिंत पाडली. इथे रात्रंदिवस राखण करतो. पाचव्यात काटेकुटे माजू दिले. इथे म्हणतो, आता काटे समोर येऊ देत, मी त्यांच्यावर चालून जाईन, जाळून टाकीन. एकेक कलम मागे घेतलंय. आणि त्याच्या दोन-तीन शब्द आधी काय आहे? "माझ्या ठायी क्रोध नाही."

जुनं खोड

बरीच वर्षं द्राक्षाच्या शेतीशी संबंध आला, म्हणून थोडं झाडाच्या बाजूने लिहितो. धर्मशास्त्र तुम्ही मंडळींनी बघावं.

एक. द्राक्षाला फळ येतं ते नव्या फुटीवर, पण ती फूट निघावी लागते गेल्या हंगामाच्या काडीतून. जुन्या जाड खोडातून थेट फुटलेल्या फांदीला पाला भरपूर येतो, घड सहसा येत नाही. आणि मजा अशी की येत्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात आदल्या उन्हाळ्यातच धरलेला असतो. थंडीत छाटणीला उभं राहिलं की वेल मेल्यासारखी दिसते. साल सुटलेली, पान नाही, काडी तपकिरी. अनोळखी माणूस म्हणेल, उपटून टाका. पण पुढच्या पिकाचा हिशेब त्या डोळ्यांत होऊन बसलेला असतो. छाटणारा तेच मोजत असतो, किती डोळे ठेवायचे आणि किती काढायचे. ठेवले त्याहून कितीतरी जास्त काढले जातात, हेही सांगून ठेवतो. योहान १५ वाचताना लोक छाटणी म्हणजे दोन-चार वाळकी टोकं खुडणं समजतात. चांगली छाटलेली बाग बघाल तर उजाड झाली असं वाटेल.

दोन. बायबलच्या देशात पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. वेलीला फूट येते वसंतात, आणि मणी भरतो, गोडी येते ती कोरड्या महिन्यांत, आकाशात ढगही नसताना. ती वेल तेव्हा कशावर जगते? हिवाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर, आणि थोडंफार दवावर. म्हणून तर टेकड्यांवर दगडी बांध घालून पायऱ्या करायच्या, माती आणि पाणी दोन्ही अडवायचं. यशया ५ मधले वेचलेले दगड वाया जात नसत. त्यांचेच बांध, त्यांचंच कुंपण, त्यांचाच बुरूज.

तीन. त्याने कुंड कधी कोरलं बघा. वेल लावली, बुरूज बांधला, कुंड कोरलं आणि मग फळाची वाट पाहिली. खडक फोडून तुडवणीची फरशी, रसाला पन्हळ, खाली खड्डा. हे सगळं पहिला घड दिसायच्या आधी. ज्याला भरवसा नाही तो माणूस एवढा खडक फोडत नाही.

ओलावा

जुनं खोड काका, दुसरा मुद्दा अप्रतिम. मुरलेल्या ओलीवर मणी भरणं! वाचनखूण साठवली.

खडूस वाचक

काकांची माहिती मोलाची, पण ती ताणून प्रवचन करू नये अशी नम्र विनंती. ओल मुरलेली नसेल तर काय? दोन हिवाळे कोरडे गेले तर वेल मरते, हेही काकाच सांगतील.

जुनं खोड

सांगतो की. वेलीची मुळं खोल जातात, एखादं वाईट वर्ष ती काढते. सलग दुष्काळ पडला तर वरचं सगळं जातं. तरी खोड जिवंत असेल तर बुंध्याजवळून पुन्हा फूट येऊ शकते. नेहमीच येते असं मात्र नाही.

सांजवात

मी इथे फक्त वाचायला येते, आज लिहितेय. खडूस वाचक यांचा प्रश्न माझाच आहे.

गेलं वर्ष घरात एकामागून एक चालूच आहे. आजारपण, मग नोकरी, मग आणखी एक गोष्ट जी इथे लिहिता येत नाही. मंडळीत साक्ष द्यायची पाळी आली की सगळे आपापला मिसर सांगतात: देवाने असं सोडवलं, तसं पुरवलं. माझी पाळी आली की मला काहीही आठवत नाही. खोटं सांगवत नाही. "मागचा विश्वासूपणा आठव" म्हणतात, पण माझ्या खात्यावर आठवण्यासारखं काही जमाच नसेल तर? की मी आंधळी आहे आणि मला दिसत नाही? कृपया "सगळं चांगल्यासाठीच होतं" असं कुणी लिहू नका.

ओलावा

सांजवात, नाही लिहिणार. आणि नसलेली साक्ष द्यायला कुणी भाग पाडत असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मला एक गोष्ट सुचते. आसाफ तरी मिसरात कुठे होता? लाल समुद्र त्याने पाहिला नव्हता. वेल मिसरातून आणल्याला त्याच्या काळापर्यंत शतकं उलटून गेली होती. तो आठवतोय ते त्याचं स्वतःचं नाहीच, ऐकलेलं आहे. स्तोत्र ४४ तर तसंच उघड सुरू होतं: आम्ही कानांनी ऐकलंय, आमच्या पूर्वजांनी सांगितलंय. तिथेही "तू त्यांना लावलंस" हेच लागवडीचं चित्र आहे. आणि अनुवाद २६ मध्ये पहिल्या फळांची टोपली घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला काय म्हणायला सांगितलंय? "माझा बाप भटका अरामी होता, तो मिसरात गेला... आम्ही परमेश्वराचा धावा केला... त्याने आम्हाला बाहेर आणलं." हा शेतकरी कधी बाहेर गेलेलाच नाही! तरी तो "आम्ही" म्हणतो. दुसऱ्याची आठवण आपली म्हणून वापरायची ही परवानगी नुसती दिलेली नाही, विधीतच घालून दिलेली आहे.

म्हणून तुमच्या स्वतःच्या खात्यात या वर्षी काही जमा नसेल, तर नसू दे. आठवण उसनी घ्या. आसाफाकडूनच घ्या.

टीपकागद

+१. आणि स्तोत्र ४४ शेवटपर्यंत वाचा, सांजवात ताई. पूर्वजांच्या आठवणीने सुरू होतं आणि तिथून थेट "तू आम्हाला मेंढरांसारखं खाऊन टाकायला दिलंस" असं म्हणतं. एवढंच नाही, "आम्ही तुला विसरलो नव्हतो, तुझा करार मोडला नव्हता" असंही ठणकावून सांगतं. अखेरीला काय? "जागा हो, का झोपला आहेस?" यावर उत्तर आल्याचं लिहिलेलं नाही. पण हे स्तोत्रसंहितेत आहे, लोकांनी गायलं आहे. तुमच्यासारख्या माणसाला साक्षीच्या वेळी उभं राहून हे एक स्तोत्र वाचता येईल आणि खाली बसता येईल. कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटणार नाही.

सांजवात

हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. वाचते.

खापराचा तुकडा

उशिरा आलो. मला पुरातत्त्वाची आवड, त्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

यिर्मया ३२ चा उल्लेख अजून कसा आला नाही? यहूदाचा राजा सिद्कीया याचं दहावं वर्ष, यरुशलेमेला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेचा वेढा, आणि यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. अनाथोथ यरुशलेमेपासून चार-पाच किलोमीटरवर, म्हणजे वेढ्याच्या पलीकडचा मुलूख. अशा जमिनीला कोण गिऱ्हाईक? यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो. आजच्या वजनात सुमारे दोनशे ग्रॅम. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. कारण "या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील."

आता मूळ विषयाशी जुळतं ते पुढे आहे. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो (३२:१७ पासून). आकाश-पृथ्वी केलीस, मिसरातून काढलंस, हा देश दिलास, सगळी उजळणी. आणि मग जवळजवळ चक्रावून म्हणतो: बघ, वेढ्याचे मोर्चे शहराला भिडलेत, आणि तू मला सांगतोस शेत घे! म्हणजे त्याने पैसे आधी मोजले आणि शंका नंतर काढली. मला हा क्रम फार आवडतो. मागचा विश्वासूपणा आठवल्याने त्याची शंका गेली नाही. शंका कुणापुढे काढायची तेवढं ठरलं.

शहर पडल्यावरचा तपशीलही बघा. २ राजे २५:१२: राजा, सरदार, कारागीर नेले, पण देशातल्या अगदी कंगाल लोकांना मळ्यांची आणि शेतांची मशागत करायला मागे ठेवलं. यिर्मया ३९:१० म्हणतं, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली. बाबेलच्या सेनापतीने दिली, स्वतःच्या सोयीसाठी दिली. पण राज्य बुडालं त्या हंगामातही यहूदात कुणीतरी वेल छाटत होतं.

आणि काकांनी कुंडाचं लिहिलं म्हणून: गिबोन, म्हणजे आजचं अल-जीब, इथे १९५६ ते १९६२ दरम्यान जेम्स प्रिचर्ड यांनी उत्खनन केलं. खडकात कोरलेली बाटलीच्या आकाराची ६३ तळघरं सापडली, द्राक्षारस थंड ठेवायची. सोबत "गिबोन" असं कोरलेल्या घागरींचे कान. डोंगराळ भागात खडकात कोरलेली जुनी कुंडं आजही ठिकठिकाणी दिसतात. भिंत पाडता येते, वेल जाळता येते, पण कोरलेलं कुंड उचलून नेता येत नाही.

अवांतर: यरुशलेमेत हेरोदाच्या मंदिराच्या दारावर सोन्याची वेल होती. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो की तिचे घड माणसाएवढे होते. मिश्ना (यहूदी धर्मनियमांचा जुना संग्रह) सांगते की कुणी सोन्याचं पान, कुणी मणी, कुणी अख्खा घड दान करी आणि तो तिथे टांगला जाई. मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं. पण रोमविरुद्धच्या त्याच बंडातल्या कांस्य नाण्यांवर द्राक्षाचं पान आहे, आणि पुढे १३२-१३५ च्या बार कोखबाच्या बंडातल्या नाण्यांवर घड. लोकांनी ते चित्र सोडलं नाही.

पारावरचा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. पण नव्या करारात हा विषय संपतो ना? मत्तय २१ मध्ये येशूने सांगितलंच की मळा काढून दुसऱ्यांना दिला जाईल. म्हणजे जुनी वेल टाकली आणि आपण आलो. मग जुन्याची एवढी चर्चा कशाला?

टीपकागद

पारावरचा, तो दाखला पुन्हा एकदा सावकाश वाचा. येशू कुंपण, कुंड, बुरूज सगळं यशया ५ मधूनच उचलतो, ऐकणाऱ्यांना ते तात्काळ कळलं असणार. पण एक मोठा बदल करतो. यशयात मळा वाईट फळ देतो. येशूच्या गोष्टीत मळ्याविषयी एकही तक्रार नाही. फळ आलेलं आहे, कुळं ते देत नाहीत. मळा उखडला जात नाही, कुळं बदलली जातात. आणि हे आपल्याविषयी बोलला हे कुणाच्या लक्षात आलं? मुख्य याजक आणि परुशी यांच्या (२१:४५). हा दाखला पुढाऱ्यांवर आहे. तो एका लोकसमूहावर ढकलून आपण खुशाल झोपावं अशी सोय त्यात नाही. उलट आज ज्यांच्या हाती मळा आहे त्यांनी वाचताना घाम पुसावा.

ओलावा

आणि योहान १५. "मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे." स्तोत्र ८० च्या पंधराव्या आणि सतराव्या ओवीत वेलीबरोबरच "तू आपल्यासाठी बळकट केलेला पुत्र", "तुझ्या उजव्या हाताचा मनुष्य" असे शब्द येतात. ख्रिस्ती वाचक या दोन उताऱ्यांना जोडतो ते उगाच नाही. माळी तोच आहे. फरक इतकाच की आता मुळं धरायचं काम फांदीचं नाही. फांदीने फक्त सुटायचं नाही.

खडूस वाचक

मान्य. आता शेवटचा खडा टाकतो, मग गप्प बसतो.

नाबोथ. १ राजे २१. इज्रेलात राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा. राजा अहाबाला तिथे भाजीपाला लावायचाय. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. म्हणजे तो नेमकं तेच करतोय जे तुम्ही सगळे सांगताय: मागच्या देणगीला धरून राहणं. परिणाम? खोटे साक्षीदार, दगडमार, मळा राजाच्या घशात. संदेष्टा एलीया येतो तो नाबोथ मेल्यावर. मग "लावणारा आपली वेल सोडत नाही" हे नाबोथाच्या बायकोला जाऊन सांगा.

टीपकागद

मी तरी नाही सांगणार. तुमच्या खड्यात आणखी एक भर घालतो: २ राजे ९:२६ वाचलं तर कळतं की नाबोथाचे मुलगेही मारले गेले. म्हणजे वतनाला वारसही उरला नाही. हे पहिल्या गोष्टीत नाही, तेव्हा नजरेतून सुटतं.

पण ती ओवी कुणाच्या तोंडची आहे? देवाच्या. "नाबोथाचं आणि त्याच्या मुलांचं रक्त मी काल पाहिलं." लोकांनी साक्ष खोटी दिली, राणीने राजाच्या शिक्क्यानिशी पत्रं धाडली, वडीलधाऱ्यांनी ती पाळली, राजाने कब्जा घेतला, आणि एकाने पाहिलं ते पुसू दिलं नाही. नाबोथाला हे पुरेसं आहे का? मला तसं म्हणवत नाही. त्याला मळा परत मिळाला नाही, आणि पवित्र शास्त्र मिळाला असं भासवतही नाही. मीखा ४:४ मधलं "प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली बसेल, कुणी घाबरवणार नाही" हे वचन वाचताना मला नाबोथच आठवतो. तो बसला होता, आणि त्याला उठवलं. ते वचन त्याच्यासारख्यांचं देणं लागतं आणि ते देणं अजून बाकी आहे.

खडूस वाचक

"बाकी आहे" हे चालेल. "फिटलं" म्हणाला असतात तर भांडलो असतो.

जुनं खोड

मध्येच एक. होशेय २:१५ कुणी घेतलं नाही. रानातून परत आणताना देव म्हणतो, तिथे मी तिला तिचे द्राक्षमळे देईन आणि अखोरचं खोरं आशेचं द्वार करीन. अखोर म्हणजे यहोशवा ७ मधली जागा, आखानाने लपवलेली लूट, पराभव, दगडांची रास. देशात शिरतानाची पहिली नाचक्की. चांगल्याच जागा आठवायच्या असत्या तर यरीहोच्या विजयाचं नाव घेतलं असतं. त्याने नेमकं लाजेचं ठिकाण निवडलं. आठवणींत तेही धरा, एवढंच.

खापराचा तुकडा

काका, हे भारी. हबक्कूक ३ पण याच रांगेत बसतं. आधी तो देव तेमानाहून, पारान डोंगरावरून आल्याचं जुनं वर्णन करतो, ऐकून त्याचे ओठ थरथरतात, हाडं सडल्यासारखी वाटतात, आणि मग "द्राक्षवेलीला फळ नसलं तरी" वाली ओवी. लोक ती ओवी भिंतीवर टांगतात, हाडं सडण्याची टांगत नाहीत.

सांजवात

सगळ्यांचे आभार. ४४ वाचलं. दोनदा वाचलं. तेविसाव्या, "जागा हो" वाल्या ओवीला जरा भीती वाटली, देवाला असं बोलतात? पण बरंही वाटलं.

या रविवारी पुन्हा साक्षीची वेळ आहे. पाळकांना विचारलंय, साक्षीऐवजी वाचन केलं तर चालेल का. हो म्हणाले. कुठून कुठपर्यंत वाचू? पंधरा मिनिटं आहेत, तेवढी नकोत मला.

ओलावा

अरे वा! ४४ ची पहिली तीन आणि शेवटच्या चार ओव्या. मग ८० पूर्ण. धृपद सगळ्यांना म्हणायला सांगा, तीनदा येतं, तुम्हाला तेवढाच श्वास मिळेल.

टीपकागद

आणि वेळ उरला तर यशया २७:२-६. पण घाईने जोडू नका. ८० संपल्यावर थोडं थांबा, लोकांना कुंपण पडलेलंच दिसू दे.

खडूस वाचक

मी असतो तर २७ वाचलंच नसतं. पण तुमची मर्जी. मोठ्याने वाचा, मागच्या बाकांपर्यंत जाऊ दे.